भुरीची उजवी बाजू

घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या तबेल्यातल्या मोतद्दाराला सगळे खरारा म्हणत. घोड्याचं अंग घासायच्या ब्रशाचंच नाव माणसाला चिकटलं, आणि त्यालाही ते आवडत असावं. बायको मात्र कुरकुरायची.

“माझ्या केसांतून कधी बोटं फिरवली नाहीत, आणि त्या घोडीच्या शेपटीतला गुंता सोडवायला दिवस दिवस बसता.”

“तू लाथ मारशील,” तो म्हणे. “ती मारत नाही.”

ती म्हणजे भुरी. उजव्या डोळ्याने आंधळी. त्या बाजूने कुणी अचानक आलं की दचकून भिंतीवर आदळायची. म्हणून खराऱ्याने नियमच करून टाकला होता, भुरीचं सगळं डावीकडून. घासणं, विंचरणं, साबण लावणं, पाणी ओतणं, सगळं डाव्या बाजूला उभं राहून, मानेवरून हात पलीकडे टाकून. दुसऱ्या कुणाला तो तिच्याकडे फिरकू देत नसे.

आणि याच भुरीची आयाळ झडायला लागली. ती मान खांबाला घास घास घासायची, आणि खांबाला केसांचे पुंजके चिकटलेले दिसायचे. शेपटीचं मूळ तर जुन्या केरसुणीसारखं झालं होतं. खराऱ्याने गवत बदललं, तेल चोळलं, आठवड्याची धुलाई रोजची केली. केस आणखीच गळाले.

मालकीणबाई वाईट नव्हत्या, पण घाबरल्या होत्या. “बाकीच्या घोड्यांना लागण झाली तर सगळा धंदा बसेल. उद्या गाडी येईल. भुरीला लांबच्या कुरणात पाठवू. चारा घालायला माणूस आहे तिथे.”

“तो उजवीकडून घालेल,” खरारा म्हणाला.

बाई गाडीसाठी फोन करायला आत गेल्या.

खरारा पिंपावर बसून घोडीकडे बघत राहिला. वाईट तर वाटतच होतं, पण त्याहून जास्त एक गोष्ट त्याला छळत होती. केस झडत होते ते फक्त उजवीकडचे, मानेवरचेही आणि शेपटीचेही. डावीकडे कातडी कशी नितळ. आता आजार यायचा तर येवो, पण त्याला डावं-उजवं कोणी शिकवलं?

तो उठला. भुरीच्या पाठीवर तळहात ठेवून, तोंडाने सारखं काहीबाही बोलत, शेपटीमागून वळसा घालून तो पलीकडे गेला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भुरी थरथरली, कान मागे पडले, पण ती जागची हलली नाही. त्याने आयाळ उचलली.

खाली पिठासारखा पांढरा कोंडा जमला होता. त्याने तो नखाने खरवडला, तळहातावर घेतला, बादलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकून चोळला.

फेस आला.

खरारा त्या फेसाकडे बघतच राहिला. आयाळ पडायची उजवीकडे, पाणी ओतलं जायचं डावीकडून. साबण पलीकडे जायचा, पाणी मात्र पोचायचं नाही. आणि खाज वाढली म्हणून हा शहाणा रोज नवा साबण चोळत होता. अति तिथे माती म्हणतात, इथे साबण. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तो तसाच ओला हात घेऊन मालकीणबाईंकडे गेला.

“बाई, गाडी नको. तिला आजार नाही.”

“मग काय आहे?”

“मी आहे.”

त्याने सगळं सांगितलं. बाईंनी तळहात पाहिला, मग त्याचं तोंड पाहिलं. “मग कुरणात तुम्हाला पाठवू का?” असं म्हणून त्यांनी फोन हातात घेतला आणि गाडी पुढच्या महिन्यापर्यंत थांबवली. “तोपर्यंत केस आले तर ठीक.”

खरारा परत आला तो बादल्या घेऊनच. उजवीकडे उभा राहून त्याने नुसतं पाणी ओतलं, फेस निघायचा थांबेपर्यंत. मग आयाळीखाली नखांनी हळूहळू खाजवायला लागला. भुरीचा खालचा ओठ लोंबला, डोळे मिटले. तिने मान वळवली आणि सगळा भार त्याच्यावर टाकून ती त्याच्या खांद्याला मान घासू लागली.

पलीकडे खांब होता तिथेच होता. खरारा पाय रोवून उभा राहिला.