डोंगरावर दिलेली पाडव्याची हाक

आमच्या उचगावच्या कॉलनीत दर रविवारी डोंगर चढायला जाणाऱ्यांचा एक गट आहे. अठरा माणसं. डॉक्टरनं दम भरेपर्यंत यांतला एकही कधी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत चालत गेला नव्हता. आता तेच लोक दोन हातांत दोन काठ्या, मानेवर पडदा लोंबणारी टोपी आणि पाठीवरच्या पिशवीतून तोंडापर्यंत आलेली पाण्याची नळी अशा थाटात निघतात. बघणाऱ्याला वाटावं, हिमालय सर करायला चाललेत. चढायचा डोंगर कुठला, तर ज्यावरून गावातल्या बायका डोक्यावर जळणाचा भारा घेऊन अनवाणी उतरतात तो.

मग मी त्यांच्यात का जात होतो? निवृत्त झाल्यावर रविवार आणि मंगळवार सारखेच वाटायला लागले म्हणून. आणि खरं सांगायचं तर, माणसाला हसायला कोणीतरी लागतं म्हणून. नाचणीच्या शेतात उभं राहून 'हे भात का हो?' असं विचारणारी माणसं मला घरबसल्या कुठं मिळणार होती? एक गृहस्थ दिसेल त्या गाईच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घ्यायचे. त्या फोटोंत गाईच्याच तोंडावर अक्कल जास्त दिसायची.

गटाचे म्होरके म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले एक साहेब. उभा जन्म लोकांना 'जेवणाची सुट्टी आहे, नंतर या' म्हणण्यात गेला आणि आता गळ्यात शिट्टी अडकवून हे आम्हाला डोंगर शिकवणार. दर शनिवारी संध्याकाळी मोबाईलवर त्यांच्या सूचना यायच्या. दिवाळी होऊन महिना झाला असेल, तेव्हाचा एक शनिवार. राधानगरीच्या बाजूचा डोंगर ठरला होता. सूचना आल्या: उद्याची वाट शेतातून आणि चराऊ रानातून आहे. बांधावरून एका रांगेत चाला, पिकात पाय घालू नका. कवाड उघडलंत तर मागच्यानं लावून घ्यावं. गुरं दिसली तर लांबून वळसा घ्या. आई आणि पिल्लू यांच्या मधे कधीही जाऊ नका. जनावर अंगावर आलं तर पळू नका, ओरडू नका; त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू बाजूला सरका आणि त्याला वाट द्या.

हे सगळं मी बायकोला साहेबांच्याच शेंबड्या आवाजात वाचून दाखवलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. "ज्याच्या घरात दूध पिशवीतनं येतं, तो मला म्हशी शिकवणार!" मी म्हटलं. "उंटावरचा शहाणा लेकाचा."

माझ्या हसण्याला कारण होतं. मी जुन्या शहरातल्या गंगावेशीच्या मागच्या बोळातला. आमच्या दारात आठ-आठ म्हशी. गिऱ्हाईक पेला घेऊन उभं राहायचं आणि समोर धार काढून फेसाळ दूध तसंच पेल्यात दिलं जायचं. आणि दिवाळीच्या पाडव्याला तर आमच्या बोळाचा रुबाब विचारू नका. म्हैस भादरून, तेल लावून काळी कुळकुळीत केलेली, शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरांचा पट्टा. मालक पुढं मोटारसायकलवर, सायलेन्सर काढलेला, कानठळ्या बसतील असा आवाज. तो मागं वळून हाक देतो आणि म्हैस त्या गर्दीतून, त्या गोंगाटातून, शेपूट उभं करून फक्त त्याच्या मागं पळत सुटते. दोन्ही बाजूंनी शिट्ट्या, फेटे उडतात. मालकाच्या मागं म्हैस जितकी जोरात धावेल तितकं तिचं त्याच्यावर प्रेम, हे आमच्याकडं पोराबाळांनाही ठाऊक. धावत येणाऱ्या म्हशीला भ्यायचं असतं हे मला कोणी शिकवलंच नाही.

एक गोष्ट मात्र मी लोकांना सांगत नसे, ती इथं सांगतो. पाडव्याला पळायची ती म्हैस माझ्या थोरल्या भावाची होती. तिला चारापाणी त्याचं, धार त्याची, हाकही त्याची. मी कडेला उभा राहून शिट्ट्या मारणाऱ्यांतला. पुढं सरकारी नोकरी लागली, मी टेबलाला चिकटलो आणि शेणाचा वास येतो म्हणून उचगावला राहायला आलो. पण चारचौघांत 'आमची म्हैस' म्हणताना माझी छाती भावापेक्षा दोन बोटं जास्तच फुगायची.

माझी बायको इचलकरंजीची, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा दारात म्हैस आडवी बांधलेली असली, की ही बाहेरच उभी राहायची. कोणीतरी दावं ओढून धरल्याशिवाय उंबरा ओलांडायची नाही. बत्तीस वर्षं मी त्यावरून तिची टिंगल केली. पाहुणे आले, की चहाबरोबर तो किस्सा ठरलेला. ती कपबश्या गोळा करायची.

त्या शनिवारी मी हसून झाल्यावर तिनं माझ्या हातातला मोबाईल घेतला, चष्मा लावला आणि म्हणाली (आमच्याकडं बायकाही 'येतो', 'जातो'च म्हणतात), "मी पण येतो उद्या."

मी उडालोच. "तू? रानात म्हशी असतात."

"म्हाईत हाय. लेकीच्या घरी जायचं, देवळात जायचं, दवाखान्यात जायचं. डोंगर कधी बघितलाच न्हाय मी." मग ती म्हणाली, "तुमच्या भरवशावर येतो. एकच सांगतो, जनावर आलं तर मला सोडून जायचं न्हाय."

"अगं, म्हशींनी वाढवलंय मला," मी म्हटलं. "तू माझा हात धर आणि गुपचूप चल."

सकाळी ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांच्या मागं रखडत आमच्या गाड्या डोंगराच्या पायथ्याला पोचल्या. साहेबांनी शिट्टी वाजवून सगळ्यांना गोल उभं केलं आणि कालच्याच सूचना पुन्हा तोंडी सांगितल्या. मी शेजारच्याला कोपरानं ढोसून डोळा मारला. बायको मात्र शाळेतल्यासारखी मान हलवत ऐकत होती. मला तिची लाजच वाटली.

उसाच्या फडांमधून, मग भुईमूग काढून मोकळ्या झालेल्या वावरांच्या बांधावरून आम्ही वर निघालो. ती हळू चालायची, सारखी थांबायची. थांबून बघायची काय, तर खालची नदी, पलीकडचा डोंगर, बांधावरची रानफुलं. गट पुढं निघून गेला. मला त्याचं दुःख नव्हतं, पण त्या गाईमिठीवाल्या गृहस्थाच्याही मागं पडायचं म्हणजे जिवावर आलं होतं. मी तिला घाई करत होतो. ती म्हणाली, "आलो न्हवं का, बघू द्या की जरा."

वावरं संपली तिथं दगडांचा एक गडगा होता, छातीएवढा उंच. त्याच्या पलीकडं पिवळं पडलेलं गवताचं रान आणि त्यात सात-आठ म्हशी मोकळ्या चरत होत्या. बाकीच्यांच्या पावलांच्या खुणा वरच्या अंगानं लांबून वळसा घालून गेलेल्या दिसत होत्या. रान सरळ तुडवलं तर मी त्यांच्या आधी वर पोचलो असतो.

झाडाखाली एक म्हातारी काठी घेऊन बसली होती. म्हशी तिच्याच. तिनं लांबूनच ओरडून सांगितलं, "पावणं, मधनं जाऊ नगासा! म्हस व्याल्या चार दिसामागं. रेडकू त्या करवंदीत निजलंय. वरनं जावा गडग्याच्या कडंकडंनं."

बायको तिथंच थांबली. "आवो, वरनंच जाऊया. सगळी तिकडनंच गेल्यात."

"मावशी," मी म्हातारीला ऐकवलं, "म्हशीतच जन्म गेलाय आमचा. गंगावेशीतले हाय आम्ही."

"आसशीला की. पर तुमच्या म्हशी दाव्याच्या. ही मोकळी हिंडनारी. तिला तुमची वळख कुटली?"

अडाणी बाई, मी मनात म्हटलं. बायकोचा हात धरून मी रानात शिरलो. बत्तीस वर्षांची तिची भीती आज काढून टाकायची, असं माझ्या डोक्यात आलं. म्हणजे निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. खरं तर मला थोरल्या भावासारखी हाक एकदा देऊन बघायची होती. तिथं ऐकायला तो नव्हता, तुलना करायला बोळातलं कोणी नव्हतं. मी हात वर केला, मान मागं टाकली आणि पाडव्याची हाक दिली. चांगली लांब, खणखणीत.

सगळ्या म्हशींनी माना वर केल्या. एक थोराड म्हैस आमच्याकडं वळली आणि चालायला लागली. मग धावायला.

"आली बघ!" मी बायकोला म्हटलं. मला भरून आलं होतं, हे कबूल करायला आज लाज वाटते. "जातिवंत जनावर आहे. माणूस ओळखतं."

"आवो, मान खाली हाय तिची," बायको म्हणाली. "फुरफुरत्या."

पाडव्याची म्हैस तोंड पुढं काढून येते. हिची शिंगं पुढं होती. आमच्या मागं उजव्या हाताला, दहा पावलांवर करवंदीची जाळी होती आणि तिच्यात काहीतरी हललं. आई आणि पिल्लू यांच्या बरोबर मधे मी बायकोला आणून उभं केलं होतं.

मी काय केलं ते एका वाक्यात सांगता येतं. मी तिचा हात झटकला आणि पळालो. गडग्यावर चढलो कसा, ते मला आजही आठवत नाही. गुडघे दुखतात म्हणून घरातल्या माळ्यावर न चढणारा मी छातीएवढ्या गडग्यावर उभा होतो.

वळून बघितलं तर ती तिथंच. ओरडली नाही, पळाली नाही. म्हशीकडं तोंड ठेवून ती एक पाऊल डावीकडं सरकली, मग दुसरं, मग तिसरं, भरल्या घागरीनं चालावं तशी. जाळी आणि म्हैस यांच्यामधून ती बाहेर पडली आणि वाट मोकळी झाली. म्हैस तिच्या अंगावरूनच गेली म्हटलं तरी चालेल. पोटाचा धक्का लागून ती पडली, पण म्हैस थांबली नाही. जाळीत तोंड घालून रेडकाला चाटायला लागली.

तोवर म्हातारी धावत आली होती. तिनं म्हशीकडं पाठ न करता बायकोला उठवलं, अंगावरचं गवत झाडलं. "शानी हाईस गं बाय. पळाली न्हाईस." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "पावणं, उतरा आता. गेली म्हस."

तिच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. माझ्याबद्दल कुचेष्टा करण्याइतकंही तिला काही वाटलं नव्हतं. मी बूड घासत उतरलो.

आम्ही वरच्या वळशानं गेलो. बायकोचा गुडघा खरचटला होता, ओढणी फाटली होती. तिचा हात धरायची माझी छाती होत नव्हती. "तुला हे सुचलं कसं?" मी विचारलं.

"काल वाचलंतं की. तुम्ही हसत होता तवा."

माथ्यावर गट डबे उघडून बसला होता. तिची फाटकी ओढणी बघून साहेब धावत आले. काय झालं, काय झालं, म्हणून सगळे गोळा झाले. आता ही सांगणार. गाईमिठीवाला ऐकणार, शेजारीण ऐकणार, संध्याकाळपर्यंत कॉलनी ऐकणार.

"म्हस आल्ती अंगावर," बायको म्हणाली. "ह्यांनी परतवली."

टाळ्या पडल्या. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "शेवटी रक्तातच असावं लागतं," ते म्हणाले. कोणीतरी माझ्या हातात शेंगदाण्याचा लाडू ठेवला आणि मी तो खाल्ला. परतीच्या गाडीत साहेबांनी जाहीर केलं, की इथून पुढं जनावरांबद्दलच्या सूचना मीच लिहायच्या. ज्यांना मी इतके महिने मूर्ख समजत होतो, त्या सतरा माणसांनी सकाळी सांगितलेलं ऐकलं होतं आणि ती धडपणे वर पोचली होती. नाही म्हणायची हिंमतही मला झाली नाही.

ती गाडीभर खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर दार लावलं आणि मी तिच्यासमोर उभा राहिलो. इतक्या वर्षांत मी तिची कधी क्षमा मागितली नव्हती. एवढंच म्हटलं, "माझी लाज राखलीस आज चारचौघांत."

ती खुर्चीवर बसून बुटाच्या नाड्या सोडत होती. वर न बघताच म्हणाली, "तुमची न्हाय. बत्तीस वर्सं मी कुणाच्या भरवशावर राहिलो, ते लोकांस्नी कळू नये म्हणून."

मग बूट उचलून तिनं कपाटात ठेवले आणि गुडघा धुवायला मोरीत गेली.