नामदेवमामांचा तापट रेडिएटर

चार फुलवाले एका जुन्या पिकपमध्ये कोंबले, की फुलं बाजारात पोचोत न पोचोत, किस्से पोचतातच! ऐंशी सालच्या आसपास मखमलाबादहून आमचा झेंडू पंचवटीच्या बाजारात न्यायची ती नामदेवमामांची गाडी. इंजिन दणकट, पण रेडिएटर भलताच तापट!

* * *

सकाळी मामा आधी रेडिएटरचं पाणी बघणार, मग स्वतःचा चहा. जाळीत अडकलेले किडे, झेंडूच्या पाकळ्या स्वतःच्या टूथब्रशनं एकेक करून काढत बसायचे. मामी एकदा म्हणाल्या, "बरं झालं बाई, तो ब्रश कुठंतरी वापरात आला!"

* * *

एकदा रेडिएटर ठिबकायला लागला. गॅरेज बंद, मागं फुलं भरलेली. कुणीतरी सांगितलं, "हळद टाका, भोक बुजतं." मामांनी मामींचा डबाच ओतला. गळती थांबली की हो!

मामी दारातून ओरडल्या, "हळद लावलीत ना? आता लग्नही तिच्याशीच लावा. मी चालले माहेरी!"

* * *

मालेगावहून येताना गाडी उकळली. तापल्यावर झाकण उघडायचं नाही, हा मामांचा कायदा. बसले झाडाखाली, निवांत.

मामी म्हणाल्या, "मी तापते तेव्हा थांबता का असे गप?"

"तुझं झाकण उघडंच असतं की!"

नाशिकपर्यंत मामी मागं, फुलांच्या रिकाम्या पाट्यांत बसून आल्या.

* * *

आणि ती देवळ्याची खेप! शेजारच्या सखूआजी लेकीच्या वास्तुशांतीला निघालेल्या. मांडीवर रामकुंडाच्या पाण्याची कळशी. चांदवडच्या पुढं घाटात रेडिएटर कोरडा पडला. भर उन्हाळा, आसपास विहीर नाही.

मामा चाचरत म्हणाले, "आजी, तेवढी कळशी..."

"अरे, गंगा हाय ती! पूजेची!"

"गाडी इथंच राहिली, तर पूजा कशी गाठणार?"

आजींनी डोळे मिटले, हात जोडले. "वत. पण चपला काढून वत!"

इंजिन जरा निवल्यावर तापल्या डांबरावर मामा अनवाणी नाचत पाणी ओततायत, आणि आम्ही पोट धरून हसतोय!

गाडी देवळ्याला वेळेत पोचली. लेक तबक घेऊन दारात. "आई, गंगा कुठाय?"

आजींनी बॉनेटकडे बोट केलं.

लेकीनं बॉनेटला हळदकुंकू वाहिलं आणि चक्क ओवाळलं. मामा अंग चोरून उभे.

एवढ्यात आतून भटजी रिकामा तांब्या घेऊन आले. सगळं ऐकून घेतलं, वाकून गाडीखाली डोकावले आणि मामांना हळूच म्हणाले, "रेडिएटरला खाली नळ असेल ना हो?"