अकराव्या फेरीची भुकटी

मावशींचा डावा हात म्हणजे प्रयोगशाळेतलं सगळ्यात जुनं यंत्र, असं पोरं चेष्टेत म्हणायची. सव्वीस वर्षं काचेची भांडी धुतलेला हात. गेले दोन महिने त्याच्यामागे आणखी एक काम लागलं होतं, चुंबक धरायचं.

काम दिसायला सोपं. रंगाच्या कारखान्यातलं निळं पाणी बीकरमध्ये घ्यायचं, त्यात चिमूटभर काळी भुकटी टाकायची. इतकी बारीक की एकेक कण डोळ्यांना दिसायचा नाही. भुकटी रंग शोषते. मग काचेला बाहेरून चुंबक लावायचं, भुकटी तिथे चिकटते, पाणी ओतून द्यायचं. भुकटी स्पिरिटने धुवून, वाळवून परत नव्या निळ्या पाण्यात. संशोधन करणाऱ्या पोरीला महिनाअखेर सरांना अशा पंधरा फेऱ्या दाखवायच्या होत्या. नाहीतर डिग्री सहा महिने लांबली. आज अकरावी होती.

सकाळपासून मावशींनी साठ बीकर धुतले होते. विसळ, ओत, पालथा घाल. विसळ, ओत, पालथा घाल. एकसष्टावा उचलला आणि तसाच ओतला. चुंबक ओट्यावरच! काळं पाणी गुडगुड करत बेसिनमध्ये गेलं.

कपाटात नव्या भुकटीचा डबा होता. तशीच काळी, कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांनी झाकण उघडलंसुद्धा. पण नवी भुकटी दहा मिनिटांत पाणी नितळ करते, अकरा फेऱ्यांनी दमलेलीला पाऊण तास लागतो. पोरगी ती दहा मिनिटं खरी मानून वहीत लिहिणार. मावशींनी झाकण लावलं.

"पोरी, घाण केली गं मी. तुझी भुकटी ओतून दिली."

"मावशी, थट्टा नको हं." मग तिने बेसिन बघितलं. "दोन महिने, मावशी! एवढंसं चुंबक धरता येत नाही तुम्हाला?"

मावशी बादली घेऊन बेसिनखाली बसल्या, गुडघे कटकट वाजले. गाळ अडतो तो खालचा डबा फिरवून काढला. भस्सकन घाण आली. चुंबक पिशवीत गुंडाळून त्यात फिरवलं, तर त्याला काळी लव फुटली.

"आली बघ, माहेरपण करून."

पोरगी रडता रडता हसली. पण धुवून, वाळवून संध्याकाळी तोलली तर निम्मीही भरेना.

"नाही चालणार, मावशी. पहिल्यापासून." ती त्यांच्याशेजारी फरशीवरच बसली. "सरांना काय सांगू?"

"माझ्या हातून गेली म्हणून सांग."

"तुम्हाला बोलतील ते."

"बोलू दे. माझ्या कानात काय चुंबक बसवलंय, चिकटून राहायला?"

पोरीने नवा बीकर काढला, चिठ्ठीवर लिहिलं, 'फेरी १'. मावशींचा हात सवयीने पुढे गेला, आणि थांबला.

"आज तूच धर गं. माझ्याच्याने नाही व्हायचं."

पोरीने चुंबक धरलं.