थोरलं झाड

नर्सरीचा दर्शनी भाग कसा मांडायचा हे शिकून मी अमरावतीला परतले, तेव्हा आसपासच्या गावांत विहिरी आटून संत्र्याच्या बागा तोडणं चाललं होतं. नांदगाव पेठेच्या रस्त्यावर ज्या चाचांच्या नर्सरीचं काम मला मिळालं, तिच्यासमोरून त्या लाकडाचे ट्रक जायचे. चाचा रस्त्याकडे पाठ करून बसत.

त्यांचा सारा धंदा संत्र्याच्या कलमांचा. मागच्या अंगाला त्यांच्या वडिलांनी लावलेलं एक संत्र्याचं झाड होतं. थोरलं झाड म्हणत त्याला. त्याचे डोळे, म्हणजे फांदीवरचे न फुटलेले कोंब, काढायचे आणि जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपांवर बांधून कलमं करायची. फळांच्या दिवसांत कास्तकार थेट मागे जाऊन त्या झाडाची फोड चाखत आणि मगच पावसाळ्यासाठी कलमं सांगून ठेवत. चाखल्याशिवाय चाचाही कलम देत नसत. आता चाखायला कोणी येत नव्हतं.

"बेटा, शहरातल्या लोकायले आवडन असं कर," चाचा म्हणाले. "रस्त्यावर गाडी थांबली पाहिजे."

आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं बांधकाम फोडते, म्हणून मी आधी ती उकरून मुरूम भरून घेतला. त्यावर पायऱ्यापायऱ्यांचे ओटे, पुढे फुलझाडं, मागे पाम, मधून वळणाची वाट. गाड्या थांबू लागल्या. लोक उतरत, पानं खरी आहेत ना म्हणून चिमटे काढत. मला त्यांचा संताप यायचा. पण त्यांच्यावरच आमचं पोट होतं, तेव्हा गप्प बसायचे.

एप्रिलात नर्सरीच्या विहिरीनं तळ दाखवला. टँकर तर प्यायच्या पाण्यालाही मिळत नव्हते.

"पाणी एकाच जागी पुरते," चाचा म्हणाले. "पुढं देऊ का मांगं?"

"मागे द्या. फुलं काय, पुन्हा आणू."

"फुलं सुकली त गाडी थांबत नाही. मंग घरच्यायले काय खाऊ घालू? थोरलं झाड जुनं हाय, तग धरन."

मी खूप भांडले. ते ऐकत होते आणि पुढच्या कुंड्यांवर पाइप धरून उभे होते. मागची कलमं आधी गेली. मग थोरल्या झाडाची पानं वळली, फळं सुपारीएवढी असतानाच गळली. पाऊस आला तोवर त्याची फांदी हातानं कटकन मोडत होती.

लाकूडवाला विचारायला आला, त्याला चाचांनी हाकलून दिलं. झाड मुळासकट उकरून पुढे आणवलं. "इथं उभं कर," एवढंच म्हणाले. मी मुळं सिमेंटमध्ये बसवली, खोडाला वॉर्निश दिलं, फांद्यांना लोंबत्या कुंड्या टांगल्या. सांगायला लाज वाटते, पण माझ्या सगळ्या मांडणीत तेच सर्वांत देखणं दिसायचं. लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढत. कोणी विकता का विचारलं, की चाचा आत निघून जात.

हिवाळ्यात चांदूर रेल्वेकडचे एक कास्तकार आले, चाचांचे जुने गिऱ्हाईक. इकडेतिकडे न बघता ते झपझप मागे गेले आणि तसेच परत आले.

"चाचा, थोरलं झाड कुठी गेलं? यंदा विहिरीले पाणी हाय. फोड चाखाची होती."

चाचांनी एक लोंबती कुंडी हातानं बाजूला सारली. येताना ते कास्तकार त्या वाळक्या झाडाच्याच शेजारून गेले होते. ते वाकले, खोडाच्या बुडाशी डोळा बांधल्याची गाठ असते तिथे बोटं फिरवली, आणि तिथेच खाली बसले.

"एखादं कलम तरी?"

"नाही."

"माही बाग याच्याच कलमायची होती, चाचा. तोडतानी म्हटलं, तुमच्यापाशी थोरलं झाड हाय न."

चाचा त्यांच्याशेजारी मातीत बसले. रस्त्यावर एक गाडी थांबली, हॉर्न वाजला. आमच्यातलं कोणी तिकडे गेलं नाही.