वळसंगच्या माणसाची पाठ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. वडिलांना, अप्पांना, ते जाईपर्यंत सांगितलं नाही. पूजेला बसल्यावर मनातल्या मनातही कधी पूर्ण वाक्य उच्चारलं नाही. आमच्या वर्कशॉपातल्या माणसाची पाठ मोडली ती घसरून नव्हे. ट्रकवर मी उभा होतो. बिडाच्या गिअरांनी भरलेलं पोतं मी छातीपर्यंत उचललं आणि खाली वाकलेल्या त्याच्या पाठीवर फेकलं. हातातून निसटलं नाही, फेकलं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. घर शुक्रवार पेठेत, वर्कशॉप गावाबाहेर. आम्ही यंत्रमागांचे सुटे भाग बनवायचो. तिथं मारणं ही बोलण्याचीच एक तऱ्हा होती. अप्पा रागावले की हातात असेल तो पाना फेकत. ज्याला लागायचा तो रक्त पुसून पुन्हा लेथवर उभा राहायचा. मी डिप्लोमा करून आलो तेव्हा वाटायचं, आपण या लोकांतले नाही.

तो वळसंगचा. माझ्याहून थोडा मोठा, रुंद पाठीचा. आमच्याशी मराठी बोलायचा, अव्वाशी, म्हणजे माझ्या आईशी, कानडी. ट्रक उतरवायची पद्धत ठरलेली होती. खालच्यानं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकायचं, वरच्यानं पोतं त्याच्या पाठीवर टेकवायचं आणि तो ‘सोड’ म्हणेपर्यंत हात काढायचा नाही. त्या दिवशी एक माणूस कमी होता म्हणून मी वर चढलो. उन्हात मी दर पोत्यामागं थांबायला लागलो.

“धाकले मालक,” तो खालून म्हणाला, “पोती म्हंजे कागदावर वडायच्या रेघा न्हाईत की. दमलासा तर अव्वाला लावून द्या वर.”

सगळे हसले. हसत हसत आपापली पोती घेऊन आत वळले. तोही हसत होता, आणि तसाच हसत हात गुडघ्यांवर टेकून वाकला. माझ्यापुढं त्याची घामानं भिजलेली पाठ होती. मी फेकलं.

तो खाली बसलाच एकदम, कुल्ल्यांवर. तोंड उघडं, आवाज नाही. मग घशातून असा आवाज आला की आत गेलेले लोक धावत बाहेर आले. अप्पा आले. “काय झालं?” त्यानं मान वर करून माझ्याकडं पाहिलं.

“घसरला,” मी म्हणालो.

अप्पांनी त्याला शिवी घातली, वर एक कानाखाली ठेवून दिली. मग उचलून दवाखान्यात नेला.

पुढं काही महिने तो कामावर येऊन नुसता बसायचा. उठताना भिंत धरायचा. डाव्या पायात कळ गेली की स्वतःच्याच मांडीवर मूठ मारायचा. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढून सांगितलं, कमरेच्या दोन मणक्यांमधली गादी चिरडली आहे. हे डॉक्टर परदेशात शिकून आलेले. तिकडं त्यांनी गादीच्या जागी पोलादी गोळी बसवलेली पाहिली होती, बेअरिंगच्या छर्‍यासारखी. पण ती गोळी चिमट्यातून निसटते आणि शेजारची नस चेचते, असं ते म्हणाले. “काय इंजिनिअर, निसटणार नाही अशी करून देशील?”

मी इतक्या जोरानं ‘हो’ म्हणालो की तेही चपापले.

गोळी एकाच बिंदूवर दाब देते, हे मला लगेच दिसलं. यंत्राच्या पायाखाली प्लेट घातली नाही तर पाय फरशीत रुततो. म्हणून मी गोळी वरखाली चपटी केली, बत्ताशासारखी. पाठीमागच्या बाजूला भोक पाडून आत आटे काढले. त्यात लांब सळई पिळून बसवायची, सळईनं तो तुकडा जागेवर ढकलायचा आणि उलटी फिरवून सळई काढून घ्यायची. डॉक्टरांनी न गंजणारं पोलाद मिळवून दिलं. तयार झालेला तुकडा ते बराच वेळ बोटांत फिरवत राहिले.

तपासायला हाडं हवी होती. गळ्यात लिंग असलेला, मांसाला न शिवणाऱ्या घरातला मी खाटकाकडून बोकडाचे मणके पिशवीतून आणायला लागलो. अप्पांना वास लागला. त्यांनी मशीनचा जुना पट्टा काढून मला सगळ्यांदेखत मारलं. वळसंगचा माणूस कोपर्‍यात बसला होता. “मालक, साकू, बास करा,” तो म्हणाला, “माझ्यासाटी चाललंय त्येचं.” अप्पा थांबले. पट्ट्यापेक्षा मला तेच जास्त लागलं.

डॉक्टर आणि मी दोन मणक्यांमध्ये तो तुकडा बसवून प्रेसमध्ये सावकाश दाबायचो. हाड टिकायचं. डॉक्टर खूश व्हायचे. पण मला ठाऊक होतं, त्याच्या पाठीवर दाब सावकाश आलेला नव्हता. एकदा डॉक्टर नसताना मी दोन मणके उभे ठेवले आणि वरून घण घातला. बाहेरून काही दिसेना. करवतीनं कापलं तर गादीला टेकणारा हाडाचा पातळ पापुद्रा आतून तडकलेला. त्यावर माझा पोलादी तुकडा ठेवून प्रेस जरा फिरवला, तर तो भिजल्या मातीत गेल्यासारखा आत गेला.

मी तुकडा उपसून काढला, धुतला. मणके भट्टीत टाकले.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टर त्याच्या खाटेजवळ उभे राहिले. मी होतो. “नीट आठवून सांग,” ते म्हणाले. “नुसता घसरलास, का वरून काही आदळलं? आदळलं असेल तर हाडाला तडा असू शकतो. तो फोटोत दिसत नाही. मग मी हे बसवणार नाही, दुसरं काही बघू.”

त्यानं कुशीवर वळायला खाटेची कड धरली. मग म्हणाला, “धाकले मालक हुते की वर. त्येस्नी इचारा.”

त्यानं माझ्याकडं पाहिलं. नजरेत राग नव्हता, तो नुसता थांबला होता, पोतं घ्यायला वाकून थांबायचा तसा.

“घसरला,” मी म्हणालो.

“व्हय,” तो म्हणाला. “घसरलो.”

सळई कशी फिरवायची ते दाखवायला डॉक्टरांनी मला आत उभं केलं. पाठ चिरलेली मी पाहिली. हाड कुरतडल्याचा आवाज, मग हातोडीचे ठोके. प्रत्येक ठोक्याला तो पालथा पडलेला देह हलत होता. तुकडा निसटला नाही, नसेला धक्का लागला नाही. डॉक्टर मास्कमधून म्हणाले, “शाब्बास रे.”

काही आठवडे तो चालला. अव्वानं त्याला घरी जेवायला बोलावलं, पुरणपोळी वाढली. तो ताठ बसून जेवला आणि कानडीत तिला काही तरी म्हणून हसवलं. नंतर एका सकाळी बिछान्यातून उठताना किंचाळला. फोटोत माझा बत्तासा खालच्या मणक्यात बुडालेला दिसला, एका बाजूला कलून. डॉक्टरांनी पुन्हा पाठ उघडून तो काढला. काढायला घातल्याहून जास्त ठोके लागले. डावा पाय गेला तो गेलाच. लघवीवरचा ताबाही गेला.

“आकार चुकला आपला,” डॉक्टर मला म्हणाले. “जनावराच्या हाडावर विसंबलो.” त्यांनी ते काम तिथंच सोडलं. शेवटपर्यंत त्यांना असंच वाटत राहिलं. आकार खरंच चुकला होता का, तडा न गेलेल्या हाडात तो टिकला असता का, हे कुणाला कळलं नाही. ते कळू न देणारा मी.

डॉक्टर गेले, अप्पा गेले. तो आहे. वळसंगला मुलाच्या घरी ओसरीवर असतो. मी कधी गेलो तर मुलगा चहा आणतो, येणार्‍याजाणार्‍याला सांगतो, “आमच्या बाबासाटी यांनी लई केलं.” तो शेजारी बसलेला असतो. मी चहा पितो आणि निघतो.

त्या मुलाच्या देखत, त्याच्या बापापुढं बसून, हा घसरला नव्हता, पोतं मी फेकलं आणि डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, एवढं सांगण्याचं देणं मी त्याला लागतो. अजून सांगितलेलं नाही.