मशीन बरोबर निघालं

माझी मोठी ताई आर्वीला किराणा दुकान चालवते. साखरेचा आजार तिला बऱ्याच वर्षांपासून. गावात डोळ्यांचं शिबिर लागलं, तेव्हा मीच सिंदी मेघेहून गेले आणि तिला गल्ल्यावरून उठवलं.

"मले तं बरोबर दिसते, कायले नेऊन राह्यली?" ती कुरकुरली.

तिथे डोळ्यात थेंब टाकून, मग एका कागदावर सही घेऊन आतल्या पडद्याचे फोटो काढत होते. तो फोटो पाहून पुढे कोणाच्या किडनीला, कोणाच्या पायाला धोका आहे हे कॉम्प्युटर सांगतो म्हणे. "काही निघालं तर फोन करू," असं तिथल्या मुलीने सांगितलं.

फोन आला नाही. म्हणजे सगळं ठीक, असं आम्ही धरून चाललो.

हिवाळ्यात ताईच्या पायांवर सूज आली. चप्पल चढेना. डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि म्हणाले, किडन्या बिघडायला लागल्यात.

मी तडक वर्ध्याला शिबिरवाल्यांच्या ऑफिसात गेले. तरुण डॉक्टरने ताईचं नाव टाकलं. स्क्रीनवर तिच्या डोळ्याचा केशरी फोटो आला आणि त्याचा चेहरा खुलला.

"बघा काकू, किडनीचा धोका मशीनने तेव्हाच दाखवला होता. अगदी बरोबर निघालं!"

माझ्या रागाचा भडका उडाला. "मंग तिले काऊन नाई सांगतलं? फोन करू म्हणलं होतं न!"

"तो फोन डोळ्यांत दोष निघाला तरच होता. किडनीच्या अंदाजासाठी अजून मशीनची तपासणी चालू आहे. अंदाज खरा ठरतो का, ते पाहायचं होतं. संमतीच्या कागदावर त्यांची सही आहे तशी."

"थेंब टाकल्यावर तिले सोताचा हात धड दिसत नव्हता! तिनं काय वाचलं असन? अन् तिची किडनी जाते का, हे तुम्ही पाहत बसले?"

त्याने फोटो बंद केला. मागे आणखी नावांची यादी दिसली.

"बाकीच्यायचं काय?"

मी खुर्चीवरून उठलेच नाही. शेवटी मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि मशीनने धोका दाखवलेल्या सगळ्यांना माझ्यासमोरच त्याला फोन लावायला लावलं. पहिला फोन वडनेरला गेला. पलीकडचा माणूस मोठमोठ्याने विचारत होता, "मले काय झालं जी?"

ताई आता गोळ्या आणि पथ्यावर आहे. डायलिसिसची वेळ आलेली नाही. जेवढं बिघडलं, तेवढं मात्र भरून येणार नाही.

"जाऊ दे न, त्या पोट्ट्याले काय कळते," ती म्हणते.

मला नाही जाऊ देता येत. त्याचा तो खुललेला चेहरा आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.