दुपारचा दर

आधीच सांगून ठेवते, दादा माझा सख्खा भाऊ आहे, त्यामुळे त्याला नावं ठेवायचा हक्क माझा आहे, तुमचा नाही. चमडी जाईल पण दमडी जाणार नाही, त्यातला तो. साबणाची चिपटं नव्या वडीला चिकटवून वापरणार आणि आपण खोलीतून उठायच्या आत मागून येऊन दिवा घालवणार. एका कारखान्याच्या गोदामात त्याने उभा जन्म काढला. नट नि बोल्ट मोजून देता देता माणसाचं असंच होत असेल. पण ही गोष्ट त्याची नाही, वहिनीची आहे. मी त्यांच्याच वरच्या मजल्यावर राहते, त्यामुळे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

वहिनी शिवणकाम करते. पुढच्या खोलीत खिडकीपाशी तिचं मशीन, शेजारी कापायचं टेबल, आणि भिंतीला दोरीवर लोकांच्या पँटी नि झगे. बोलणं कमी, पण एकदा ठरवलं की ठरवलं. मागे एका दुकानदाराने तिने शिवलेले बारा कोट मापात नाहीत म्हणून परत केले. ही भांडली नाही, तंडली नाही. टेप घेऊन गेली आणि त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिली. गिऱ्हाईक आलं की विचारायची, "तुमच्या खांद्याचं माप घेऊ का? ह्यांना मापं घ्यायला वेळ नाही." संध्याकाळी त्याने कोट मोजले. बाराच्या बारा बरोबर होते.

दादाची फुप्फुसं गेली गोदामातल्या धुळीने. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. छोट्या कपाटाएवढं, खाली चाकं, सारखं घुं घुं करणारं. त्यातून निघालेली नळी नाकाला लावायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, दिवसाचे सोळा तास तरी नळी पाहिजे, रात्रभर तर हवीच, पण दुपारीही हवी. वहिनीने ते ऐकलं आणि दादानेही ऐकलं. नुसतंच ऐकलं, हे आम्हाला मागाहून कळलं.

त्यातच वीज कंपनीचा कागद आला. नवीन मीटर बसवलाय, आता दोनातलं एक निवडा. एकच दर घ्या, म्हणजे चोवीस तास सारखाच. किंवा दोन दर घ्या, म्हणजे रात्री स्वस्त आणि दिवसा महाग. दादाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. दम लागत असताना बसून हिशेब केला, कपडे रात्री धुवायचे, पाणी पहाटे तापवायचं, इस्त्री झोपायच्या आधी. वहिनी म्हणाली, "आणि तुमचं मशीन?" तो म्हणाला, "ते रात्रीच जास्त चालतं की. फायदाच आहे." तिला पटलं. मलाही पटलं. दोन दर घेतले.

महिनाभराने दादा उतरलेला दिसायला लागला. नखं निळसर, जिना तर सोडाच, मोरीपर्यंत जाऊन आला तरी खुर्चीत बसून राहायचा. डॉक्टर म्हणाले, मशीन लावताय ना? दादा म्हणाला, लावतो की. वहिनीनेही मान हलवली, कारण ती घरी असली की नळी त्याच्या नाकालाच असायची.

पण दुपारी ती शिवलेले कपडे द्यायला बाजारात जाते. एका दुपारी परत आली, चप्पल काढली, मशीनजवळ पडलेली पिशवी उचलायला वाकली आणि तिचा हात ऑक्सिजनच्या मशीनच्या अंगाला लागला. गार! शिवणाच्या मोटारीबरोबर तिची कितीतरी वर्षं गेलीत. तासभर चाललेली मोटार किती तापते हे तिला कुणी शिकवायला नको. मशीन घुं घुं करत होतं, दादा नळी लावून पेपर वाचत होता, आणि ते लोखंड नुकतं जागं झालेलं होतं. जिन्यावर हिचं पाऊल वाजलं की हा बटण दाबत होता.

वहिनी दुसऱ्या दिवशी गेली आणि अर्ध्या वाटेवरून परतली, अनवाणी, चपला हातात घेऊन. दाराला कान लावला. आत चिडीचूप. तशीच वर माझ्याकडे आली. मी तिला इतकी वर्षं ओळखते, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. "महाग वेळेत श्वास घेत नाहीत ते," ती म्हणाली. "चल माझ्याबरोबर."

मी म्हटलं, आधी खाली जाऊन त्याची चांगली खरडपट्टी काढू. ती म्हणाली, "त्याने काय होणार? मी घरात असेन तेवढा वेळ लावतील. मी त्यांच्या उशाशी पहारा देत बसू का जन्मभर? दर बदलायचा."

वीज कंपनीच्या कचेरीत खिडकीमागचा कारकून भला माणूस होता. त्याने आकडे काढले आणि खूश होऊन म्हणाला, "बाई, तुम्ही अगदी व्यवस्थित वापरताय. दिवसाचा वापर फारच कमी आहे. असं सगळ्यांनी केलं तर काय हवं! तुम्हाला दोन दरच स्वस्त."

"स्वस्त आहे हे मला कळतं," वहिनी म्हणाली. "म्हणूनच नकोय."

त्याला वाटलं बाईला समजलेलं नाही. तो पुन्हा समजवायला लागला. तेव्हा तिने सरळ सांगितलं, "दिवसा माझा नवरा ऑक्सिजनचं मशीन बंद करून बसतो. म्हणून वापर कमी आहे." कारकुनाने पेन खाली ठेवलं. मग अर्ज पुढे सरकवत हळूच म्हणाला, एकदा एकच दर घेतला की वर्षभर बदलता येणार नाही. "चालेल," ती म्हणाली. "फक्त सही त्यांची लागेल, मीटर त्यांच्या नावावर आहे," कारकून म्हणाला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "कर तूच सही. कोण बघतंय?"

"नाही. आज सही खोटी केली तर उद्या त्यांना कळेल आणि परत बटण बंद. सही त्यांनीच करायची."

घरी आल्यावर अर्ज टेबलावर ठेवला. दादाने वाचला आणि समजायचं ते समजला. ओशाळला, पण पीळ काही गेला नाही. "जास्त पैसे भरायला अर्ज करायचा?" तो थांबत थांबत म्हणाला. "हे बघ, गोदामात निकामी माल असतो ना, त्याच्यासाठी कुणी जागेचं भाडं भरत नाही. मी आता तसाच. माझ्यावर खर्च कशाला? तुला पुढे लागतील."

इतके दिवस मी ह्याला नुसता चिक्कू समजत होते. हा स्वतःलाच मोडीत काढून बसला होता! वहिनी उठली, शिवणयंत्राच्या मोटारीचा पट्टा काढून खुंटीला लावला, जुना पायाचा पट्टा चढवला आणि पायाने मशीन चालवायला लागली.

"हे काय?" दादा म्हणाला.

"दिवसा मोटार महाग पडते."

तिचे गुडघे पार झिजलेले. डॉक्टरांनी पायमशीन बंद करायला सांगितलं म्हणून तर मोटार घेतली होती. खटखट, खटखट. दुपारभर तेच. दादाने अर्ज उलटा करून ठेवला. दोघेही एकापेक्षा एक हट्टी, मी मध्ये बोलून काय उपयोग? दुसऱ्या दिवशी सकाळपासून परत तेच. तिला मशीनवरून उठताना टेबल धरावं लागत होतं. एक गिऱ्हाईक बाई म्हणाली, "अहो, मोटार बिघडली का?" ही म्हणाली, "नाही हो, काटकसर चाललीय." दादाने मान खाली घातली.

तिसऱ्या दिवशी मी खाली गेले तेव्हा तिची पावलं सुजून चपलेत मावत नव्हती. दादा खुर्चीतून ओरडायला गेला, पण ओरडण्याइतका वारा त्याच्या छातीत होता कुठे? "बंद कर ते. गुडघे जातील तुझे."

"जुनेच आहेत," ती पाय न थांबवता म्हणाली. "निकामी माल. त्यांच्यावर खर्च कशाला?"

दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझ्या भावाला मी आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. "आण तो कागद," तो म्हणाला. मीच धावत आणला, त्याचं मन बदलायच्या आत. वाकडीतिकडी झाली, पण सही त्याचीच.

नवा दर पुढच्या महिन्यापासून लागू झाला. तोपर्यंत वहिनी दुपारची बाजारात गेलीच नाही, कपडे मी पोचवले. नवा दर लागला त्या दिवशी जेवणं झाल्यावर तिने मुद्दाम पिशवी भरली, निघायला म्हणून दारात उभी राहिली. मला कळेना ही असं का करतेय. दादाने नळीकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं.

"आता दुपारी काय पडतं?"

"रात्रीइतकंच."

"आणि रात्री?"

"दुपारइतकंच."

तो हसला आणि हसता हसता खोकला. मग त्याने आपणहून नळी उचलली, दोन्ही कानांमागून घेतली, नाकात नीट बसवली आणि बटण दाबलं. वहिनीने पायात चप्पल सरकवली.

"तू येईपर्यंत चालू ठेवू का?" त्याने विचारलं.

"नंतरही ठेवा," वहिनी म्हणाली. "मला हवे आहात तुम्ही."